बंद गल्ली आधी

बुद्धिबळाच्या रिकाम्या पटावर एकच घोडा. अडीच घरांची आपली चाल चालत त्याने चौसष्टच्या चौसष्ट घरांना भेट द्यायची, पण कुठल्याही घरात दुसऱ्यांदा पाय ठेवायचा नाही. कोडं एवढंच. मला ते एका कॉम्प्युटर गेममध्ये भेटलं, आणि तो गेम होता सियागंजमधल्या एका किराणा पेढीच्या जुन्या कॉम्प्युटरवर. पप्पा तिथे मुनीम आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचे, तेव्हा दुपारी तासभर तो कॉम्प्युटर माझा असायचा.

गेममध्ये एक बंद दरवाजा होता. घोड्याची फेरी पूर्ण झाली की तो उघडणार. घोडा ज्या घरातून जाईल ते काळं पडतं. पहिल्या दिवशी मी ५८ घरांपर्यंत पोचले, तिसऱ्या दिवशी ६१. उरलेली घरं मात्र दर वेळी त्याच जातीची असायची : कोपऱ्यातली आणि कडेची.

असं का होतं? प्रत्येक घरातून घोड्याला किती वाटा असतात ते मोजून पाहा. मधल्या १६ घरांतून आठ-आठ वाटा आहेत. कडेला सरकलो की त्या सहा, चार, तीन होत जातात आणि चार कोपऱ्यांना फक्त दोन-दोन उरतात. घोड्याला कोपऱ्यात जाऊन बाहेरही पडायचं, तर एका वाटेने आत आणि दुसरीने बाहेर. या दोन वाटांवरच्या घरांपैकी एक जरी आपण कोपऱ्यात न वळता वापरून टाकलं, तरी तो कोपरा आता फक्त शेवटचा मुक्काम होऊ शकतो. असे दोन कोपरे झाले की खेळ तिथेच संपला. आपल्याला ते कळतं मात्र तीस-चाळीस चालींनंतर. मी दर वेळी मधल्या मोकळ्या घरांत मजेत फिरत होते आणि चूक तिथेच होत होती.

उत्तर मला कॉम्प्युटरवर नाही, दुकानाच्या ओट्यावर मिळालं. लोडिंग रिक्षा भरली होती आणि पप्पा ड्रायव्हरला पर्च्या क्रमाने लावून देत होते. तो म्हणाला, मोठ्या रस्त्यावरची दुकानं सोपी आहेत, ती आधी करतो. पप्पा म्हणाले, "पहले बंद गली निपटा ले." मी कारण विचारलं. "अगं, मोठ्या रस्त्याला दहा तोंडं. तिथे केव्हाही जाता येतं. ज्या गल्लीला एकच तोंड आहे, तिथे दुपारी एक हातगाडी आडवी लागली की संपलं."

मी आत जाऊन पुन्हा घोडा उचलला. नियम आता असा : पुढे जिथे जाता येईल, त्या प्रत्येक घरातून पुढच्या किती वाटा अजून मोकळ्या आहेत ते मोजायचं, आणि सगळ्यांत कमी वाटांचं घर निवडायचं. समजा, डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून निघून घोडा दोन घरं उजवीकडे आणि एक घर वर गेला. आता त्याच्यापुढे पाच घरं आहेत. त्यांच्या मोकळ्या वाटा अनुक्रमे ७, ७, ५, ३ आणि ३. मन सातकडे धावतं, पण जायचं तीनकडे. दोन्ही तीन सारखेच, म्हणून कुठलंही एक घ्यायचं. शंभर टक्के हमी नाही, पण नेहमीच्या पटावर हा नियम बहुतेक वेळा तारून नेतो. त्या दुपारी माझा दरवाजा उघडला.

या नियमाला वॉर्न्सडॉर्फचा नियम म्हणतात हे नंतर कळलं. त्याने तो १८२३ मध्ये मांडला. त्याआधी १७५९ मध्ये ऑयलर या मोठ्या गणितज्ञाने या कोड्यावर निबंध लिहिला होता. पण आपल्या मंडळासाठी खरी गंमत त्याहून जुनी आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने 'काव्यालंकार' या ग्रंथात घोड्याच्या चालीचा श्लोक दिला आहे. अनुष्टुभाचे चार चरण, प्रत्येकात आठ अक्षरं. म्हणजे आठ घरांच्या चार रांगा, बरोबर अर्धा पट! तो श्लोक सरळ वाचा किंवा घोड्याच्या उड्या मारत वाचा, शब्द तेच येतात. पुढे वेदान्त देशिकांनी 'पादुकासहस्रा'त त्याच्याही पुढची उडी मारली. तिथे एक श्लोक घोड्याच्या चालीने वाचला की त्यातून दुसराच श्लोक निघतो.

आणि आपल्या घरचं नाव हवं असेल, तर सतराव्या शतकातले काशीचे नीलकंठ भट्ट. घराणं मूळचं पैठणचं. शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. नीलकंठांच्या 'भगवंतभास्कर' या ग्रंथाचे बारा भाग. त्यातल्या 'व्यवहारमयूखा'चा आधार मुंबई इलाख्यातली न्यायालयं वारसाहक्काच्या खटल्यांत घेत. त्याच ग्रंथाच्या 'नीतिमयूखा'त बुद्धिबळ आहे आणि घोड्याच्या फेऱ्याही आहेत.

वर्गात आपण चित्रकाव्याला कनिष्ठ काव्य म्हणून दोन ओळींत आटपतो. मीही परीक्षेत तसंच लिहिलं होतं. भाव नाही, नुसती कसरत, असं. पण ६१ व्या घरावर चार वेळा अडकल्यावर त्या बत्तीस अक्षरांकडे मला तसं पाहता येत नाही. त्या कवींना कोपऱ्यातलं अक्षर आधीच सांभाळावं लागलं असणार.

घोडा जिथून निघाला त्या घराशी परत जुळणाऱ्या फेऱ्या किती, हेही मोजून झालं आहे : १३ लाख २६ हजार कोटींहून जास्त. इतके मार्ग असूनही मला एक सापडत नव्हता, कारण सोपं ते आधी करायची सवय.

आणखी एक सवय होती. कॉलेजात कुणी पप्पांच्या कामाबद्दल विचारलं, की मी "एका फर्ममध्ये असतात" असं म्हणून विषय बदलायचे. दहावीनंतर शिक्षण सुटलेला माणूस पर्च्या लावतो, त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटायचं. दरवाजा उघडला त्या दुपारी मी त्यांना पडदा दाखवला. ते चष्मा वर करून म्हणाले, "हे तर आमचं रोजचंच आहे."

घरी पट असेल तर आज करून पाहा. घोडा कोपऱ्यात ठेवा आणि प्रत्येक घरात १, २, ३ असे कागदाचे कपटे टाकत चला. ६४ चा कपटा ठेवताना कोण शेजारी बसलंय तेही पाहून घ्या.