टायमिंगचा एक दात

गाडीला पिकअप नाही, चढावर दम सोडते, पेट्रोलही जास्त खाते, अशी तक्रार आली की आपले बरेच मिस्त्री बंधू आधी डिस्ट्रिब्युटर फिरवतात. त्याने भागले नाही तर थेट हेड उघडायला घेतात. त्यापूर्वी टायमिंगचे कव्हर काढून पाहावे. पट्टा नुकताच बदललेला असेल तर तो एक दात चुकला असण्याचा संशय जरूर घ्यावा.

क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, म्हणून कॅमच्या पुलीला दुप्पट दात असतात. समजा कॅमला ४० दात आहेत, तर एक दात म्हणजे कॅमचे ९ आणि क्रँकचे तब्बल १८ अंश! कॅम एवढा मागे पडला की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, आत ओढलेले मिश्रण परत बाहेर जाते आणि कॉम्प्रेशन उतरते. डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगीची वेळ बदलते, व्हॉल्व्हची नाही. गल्लत होते ती इथेच. गेज लावून बघा. एकाच सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी असेल तर त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅसकेट बघावे. सर्वांचे सारखेच उतरले असेल तर आधी टायमिंग. गिऱ्हाइकाचा हेडचा खर्च वाचतो आणि गॅरेजचे नावही राहते.

पट्टा बसवताना प्लग काढून ठेवावेत, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते. क्रँक आणि कॅम दोन्हींच्या खुणा त्या मॉडेलच्या पुस्तकाप्रमाणे जुळवाव्यात. आधीच्या मिस्त्रीने लावलेल्या रंगाच्या ठिपक्यावर विसंबू नये. पट्ट्याची ओढणारी बाजू ताठ हवी, ढील फक्त टेन्शनरकडे. टेन्शनर आवळल्यावर पाना लावून क्रँक चालत्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवावा आणि खुणा पुन्हा पाहाव्यात. एका फेऱ्यात क्रँकची खूण जुळते, पण कॅम अर्ध्यावरच असतो. मध्येच अडले तर जोर मुळीच लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो. डिझेल गाडीत सेल्फ मारून पाहण्याचा मोह तर फार महागात पडतो.

हौशी पोरे हल्ली फिरवता येणारी कॅम पुली आणतात. शहरात चालणाऱ्या गाडीचा कॅम दोन-चार अंश पुढे घेतला तर खालच्या वेगात ओढ सुधारते, वरच्या वेगातली थोडी जाते. रोज सिग्नलला थांबणाऱ्या गाडीला तो सौदा परवडतो. मागे घेणे नाही.

जुना पट्टा तेलाने भिजलेला निघाला तर आधी गळके सील बदला, मगच नवा पट्टा चढवा.