तीन पट्ट्या परदेशात की चार पट्ट्या घरी?
आखाती कंपनीचे बोलावणे आलेल्या तरुण वैमानिकाचा नफा-तोटा

आखातातून नोकरीचे पत्र आले आणि घरच्यांनी "जरा थांब, विचार करू" म्हटले, असे आपल्याकडे क्वचितच घडते. रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी मुस्लिम घरांत आजोबा बोटीवर होते, वडील कुवेत किंवा सौदीत राबले आणि मुलगा आज दुबईत आहे. वेल्डर, फिटर, सुतार, ड्रायव्हर यांचा हिशेब सरळ असतो. इथे मिळते त्याच्या दुप्पट-तिप्पट तिथे मिळत असेल, तर माणूस बॅग भरतो. हुन्नर हातात असतो आणि तो विमानातून सोबत जातो.

वैमानिकाचे मात्र तसे नाही. त्याच्या हुन्नराचा एक मोठा भाग कंपनीच्या वहीत असतो, आणि कंपनी बदलली की तो तिथेच राहतो. ही गोष्ट ध्यानात न घेता केवळ पगाराचा आकडा पाहून निर्णय घेतला, तर पुढे पस्तावण्याची पाळी येते. आपल्यातली मुले-मुली आता या धंद्यात येऊ लागली आहेत. हैदराबादच्या सय्यदा सल्वा फातिमा यांचे वडील बेकरीत काम करीत. समाजातील दात्यांची मदत आणि पुढे तेलंगण सरकारचे अर्थसाह्य यांच्या बळावर त्या वैमानिक झाल्या. म्हणून हा हिशेब आपल्या पानावर मांडणे अगत्याचे वाटते.

भांडवल किती अडकते?

समजा, महाडच्या एका लोखंडी सामानाच्या दुकानदाराचा मुलगा आहे, वय २६. बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेतले, वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाला, २०० तासांचे उड्डाण पुरे करून व्यावसायिक परवाना मिळवला. भारतात या परवान्याचा खर्च स्थूलमानाने ४० ते ५५ लाखांपर्यंत जातो. त्यावर टाइप रेटिंग, म्हणजे एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ अशा ठराविक जातीचे विमान उडविण्याची मान्यता. तिचे आणखी १५ ते २५ लाख. बापाने दुकानाचा गाळा बँकेकडे गहाण टाकला. हातमागाचे चार यंत्रमाग करण्याइतके किंवा एक चांगली बेकरी उभारण्याइतके भांडवल एका मुलाच्या शिक्षणात गेले.

इथे पालकांसाठी एक इशारा. "देशात वैमानिकांचा तुटवडा आहे" असे वर्तमानपत्रांत वारंवार छापून येते. तुटवडा आहे तो मुख्यतः कॅप्टनचा, म्हणजे अनुभवी वैमानिकांचा. २०० तासांचा कोरा परवाना घेऊन महिनोन् महिने घरी बसलेली मुले कमी नाहीत.

आपला हा मुलगा नशीबवान निघाला. त्याला देशातल्या एका कंपनीत सहवैमानिकाची जागा मिळाली. चार वर्षांत त्याचे २,००० हून अधिक तास भरले. खांद्यावर तीन पट्ट्या आहेत. चौथी पट्टी कॅप्टनची, आणि तिची पाळी दीड वर्षाने येईल असे कंपनी म्हणते. नेमके याच वेळी आखातातल्या एका कंपनीचे पत्र येते : सहवैमानिक म्हणून या, पगार तिप्पट, वर राहण्याचा भत्ता.

बाप म्हणतो, जा. गाळा तरी सुटेल. मुलाचा पाय मात्र अडखळतो.

ज्येष्ठतेची यादी

त्याचे अडखळणे बरोबर आहे. विमान कंपन्यांत बढती बहुतेक करून ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे होते. नव्या कंपनीत गेलेला माणूस, त्याचे तास कितीही असोत, त्या यादीच्या तळाशी बसतो. उस्तादाच्या हाताखाली चार वर्षे काढलेला शागीर्द दुसऱ्या कारखान्यात गेला, तर त्याचे कसब कायम राहते, पण तिथल्या जुन्या कारागिरांच्या मागे त्याला उभे राहावे लागते. तसाच हा प्रकार.

दुसरी बाब कामाची. आखाती कंपन्यांची मोठी विमाने लांब पल्ल्याची असतात. अशा उड्डाणांत तास झपाट्याने भरतात, पण विमान उतरविण्याची संधी महिन्यातून मोजक्या वेळा मिळते. घरच्या कंपनीत मुंबई-नागपूर, पुणे-दिल्ली अशा फेऱ्यांत उतरण्याची सवय रोज होते. कॅप्टन होऊ पाहणाऱ्याला हा सराव मोलाचा असतो.

आकडे मांडून पाहू

पुढील आकडे कोणत्याही कंपनीचे नाहीत. हिशेबाची रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. आपल्या मुलाचे खरे आकडे घालून वाचकांनी हाच हिशेब पुन्हा करावा.

धरून चालू, की घरी सहवैमानिक असताना कर आणि घरखर्च जाऊन महिना १ लाख ४० हजार शिल्लक राहतात. घरीच कॅप्टन झाल्यावर ४ लाख. परदेशात सहवैमानिक म्हणून सर्व खर्च जाऊन साडेतीन लाख आणि परदेशात कॅप्टन म्हणून ६ लाख. मुदत दहा वर्षांची घेऊ.

पहिला मार्ग : आज निघून जायचे. तिथे कॅप्टन व्हायला आठ वर्षे लागली, तर आठ वर्षांचे ३ कोटी ३६ लाख आणि शेवटच्या दोन वर्षांचे १ कोटी ४४ लाख. एकूण ४ कोटी ८० लाख.

दुसरा मार्ग : दहाही वर्षे घरी राहायचे. दीड वर्षाने कॅप्टन झाला, तर एकूण ४ कोटी ३३ लाख. पहिल्या मार्गापेक्षा ४७ लाख कमी, पण माणूस आपल्या माणसांत.

तिसरा मार्ग : दीड वर्ष थांबून घरी चौथी पट्टी घ्यायची, तीन वर्षे कॅप्टन म्हणून तास कमवायचे आणि मग परदेशात थेट कॅप्टन म्हणून जायचे. एकूण सुमारे ५ कोटी ६५ लाख. तिन्हींत हा मार्ग वरचढ ठरतो.

पण येथेच खरी मेख आहे. कंपनीने सांगितलेले दीड वर्ष लांबून चार वर्षे झाले, तर तिसऱ्या मार्गाची रक्कम ४ कोटी २७ लाखांवर येते आणि पहिला मार्ग पुढे जातो. आपण धरलेल्या आकड्यांत काटा बरोबर तीन वर्षांपाशी समतोल होतो. कॅप्टनपद तीन वर्षांच्या आत मिळणार असेल तर थांबण्यात फायदा, त्याहून लांब असेल तर जाण्यात. म्हणजे निर्णय पगारावर ठरत नाही, चौथ्या पट्टीच्या तारखेवर ठरतो.

ही तारीख कंपनीच्या गोड बोलण्यावरून धरू नये. गेल्या दोन वर्षांत किती जण कॅप्टन झाले, यादीत आपल्या पुढे किती जण आहेत, कंपनीची नवी विमाने खरोखर येत आहेत की नुसती मागणी नोंदवली आहे, हे पाहावे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. पण नोंदवलेले विमान आणि धावपट्टीवर उभे राहिलेले विमान यांत वर्षांचे अंतर असते. उधारीवर विकलेला माल आणि गल्ल्यात आलेली रोकड यांतला फरक व्यापाऱ्याला वेगळा सांगायला नको. मागणी खरी आहे, हेही मान्य केले पाहिजे. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर मनुष्यबळाची आखणी अपुरी पडली आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोला हजारो उड्डाणे रद्द करावी लागली, हे सर्वांनी पाहिले.

तिसऱ्या मार्गात आणखी एक जर-तर आहे. बाहेरून थेट कॅप्टन घेण्याची भरती सर्वच कंपन्या करीत नाहीत, आणि करतात त्याही कधी दार उघडतात, कधी लावून घेतात.

कर्जाची बाजू

मुलाने हा हिशेब बापापुढे ठेवला, तरी बापाचा एक मुद्दा उरतोच आणि तो खोटा नाही. दहा वर्षांनी काय होईल ते होईल, पण दीड वर्षात काय? आज गेलेला मुलगा दीड वर्षात ६३ लाख बाजूला टाकील, थांबलेला २५ लाख. कर्ज ४० लाख उरले असेल, तर एकाचा गाळा सुटतो, दुसऱ्याचा बँकेकडेच राहतो. व्याजाचा पैसा देणे ज्या घराच्या मनाला बोचते, तिथे या दीड वर्षाचे वजन आणखी वाढते. शिवाय दिरहम १९९७ पासून डॉलरला ठराविक दराने बांधलेला आहे. २०१३ च्या मध्यास डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता, २०२५ अखेर तो नव्वदीच्या घरात गेला. रुपयात कर्ज आणि दिरहमात कमाई असलेल्याचा भार या घसरणीने आपोआप हलका होतो.

म्हणून घर किंवा दुकान गहाण असेल आणि धंद्याची कमाई हप्ते फेडण्यास पुरत नसेल, तर आधी कर्जमुक्त होणे हा कमीपणा नव्हे. ज्याचे हप्ते सुरळीत चालू आहेत, त्याने मात्र घाई करू नये.

कंपनी बुडते तेव्हा

"घरची नोकरी पक्की" हा समज काढून टाकावा. केरळचे तकियुद्दीन वाहिद यांनी उभी केलेली ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स १९९२ मध्ये उडू लागली आणि १९९६ मध्ये बंद पडली. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. जेटच्या वैमानिकांचे पगार कंपनी थांबण्यापूर्वीच महिनोन् महिने थकले होते.

परदेशही निर्धोक नाही. कोरोनाच्या साथीत २०२० मध्ये आखातातील मोठ्या कंपन्यांनी वैमानिकांना मोठ्या संख्येने घरी पाठवले. तिथे नोकरी आणि राहण्याचा परवाना एकमेकांना बांधलेले असतात. नोकरी गेली की थोड्या मुदतीत घर, मुलांची शाळा, सारे आवरून निघावे लागते. घरची कंपनी बुडाली तर माणूस निदान आपल्या छपराखाली असतो.

सही करण्यापूर्वी

पहिली गोष्ट नोटिशीची. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. परदेशी कंपनी तेवढे थांबणार का, हे लेखी घ्यावे. सध्याच्या कंपनीशी प्रशिक्षणाचा बाँड असेल, तर त्याची उरलेली रक्कम हिशेबात धरावी.

दुसरी गोष्ट परवान्याची. १,५०० तास व इतर अटी पुऱ्या झाल्या असतील, तर भारतातील एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स हातात घेऊनच देश सोडावा. परदेशातील परवाना वेगळा. इथला परवाना मुदतीत ठेवला, तरच परतीची वाट मोकळी राहते.

तिसरी गोष्ट प्राप्तिकराची. अमिरातीत पगारावर प्राप्तिकर नाही. भारतात अनिवासी ठरण्यासाठी त्या आर्थिक वर्षातला देशातला मुक्काम १८२ दिवसांहून कमी हवा. नोकरीसाठी जाणाऱ्याने सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यापूर्वी प्रयाण केले, तर त्याच वर्षी हा लाभ मिळू शकतो. ऑक्टोबरात निघाल्यास त्या वर्षीच्या परदेशी पगारावरही इथे कर लागू शकतो. चार्टर्ड अकाउंटंटला आधी विचारावे.

चौथी गोष्ट विम्याची. वैमानिकाची वैद्यकीय तपासणी ठराविक मुदतीने होते. तीत नापास झाला की कमाई थांबते, मग देश कोणताही असो. परवाना गेल्यास भरपाई देणारा विमा कंपनी देते का, आणि किती, हे करारात पाहावे.

महाडच्या त्या मुलाला आमचे सांगणे असे : बापासह बसून दोनच आकडे कागदावर लिही, चौथ्या पट्टीची खरी तारीख आणि गाळ्यावरचे उरलेले कर्ज. पट्टी तीन वर्षांच्या आत मिळणार आणि हप्ते झेपत असतील, तर परदेशी कंपनीला अदबीने नकार कळव. कॅप्टन झाल्यावर तुला पुन्हा विचारणा होईल आणि तेव्हा अटी तू सांगशील. तारीख धूसर असेल किंवा दुकानच धोक्यात असेल, तर भारतीय लायसन्स खिशात घालून जा, आणि पहिल्या पगारापासून कर्ज फेडू लाग. गाडी आणि फ्लॅट नंतरही घेता येतात.