उंच उडी, स्त्रियांची

उंच उडी, स्त्रियांची : मैदानी स्पर्धांतील उड्यांचा एक प्रकार. दोन उभ्या खांबांवर टेकविलेली आडवी दांडी न पाडता, एकाच पायावर उसळी घेऊन, ती ओलांडणे म्हणजे उंच उडी होय. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना मैदानी स्पर्धांत प्रथमच प्रवेश मिळाला, तेव्हा सुरुवातीच्या मोजक्या प्रकारांत उंच उडीचा समावेश होता. त्या वेळी कॅनडाच्या एथेल कॅथरवुडने सुवर्णपदक मिळविले. जागतिक मैदानी अजिंक्यपद स्पर्धेत (प्रारंभ १९८३, हेल्सिंकी) हा प्रकार पहिल्यापासून आहे.

महाराष्ट्रात हा प्रकार आंतरराष्ट्रीय दर्जाच्या स्पर्धेत पाहण्याची संधी जुलै २०१३ मध्ये आली. विसावी आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धा प्रथम चेन्नईस व्हावयाची होती. तथापि श्रीलंकेच्या खेळाडूंच्या सहभागास तमिळनाडू शासनाने विरोध केल्यामुळे ती पुण्यास हलविण्यात आली. म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात ३ ते ७ जुलै या काळात ती पार पडली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले हे संकुल मुळा नदीच्या काठी असून नदीपलीकडे पिंपरी-चिंचवडची वाकडकडील वस्ती लागते. स्त्रियांच्या उंच उडीत उझबेकिस्तानची नादिया दुसानोवा विजयी ठरली. हा निकाल अनपेक्षित नव्हता. सोव्हिएट संघ १९९१ मध्ये विघटित झाल्यावर मध्य आशियातील प्रजासत्ताके आशियाई स्पर्धांत उतरू लागली आणि तेथील जुन्या प्रशिक्षणपरंपरेचा प्रभाव या प्रकारात विशेष जाणवू लागला. उझबेकिस्तानच्याच स्वेतलाना राद्झिव्हिलने २०१०, २०१४ व २०१८ अशा लागोपाठ तीन आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले. कझाकस्तानच्या मरिना ऐतोवाने २००९ मध्ये १.९९ मी. उडी मारली होती.

उडी कोणत्या पद्धतीने मारावी, यावर नियमाचे बंधन फारसे नाही; उसळी एका पायावर घेतली पाहिजे, एवढीच मुख्य अट आहे. त्यामुळे या खेळाचा इतिहास हा मुख्यतः पद्धतींचा इतिहास आहे. सर्वांत जुनी ‘कात्री’ पद्धत. तीत धड सरळ ठेवून पाय एकामागोमाग दांडीवरून नेतात. तिच्यातच सुधारणा करून रूमानियाच्या योलांडा बालाशने चौदा जागतिक विक्रम केले व १९६० आणि १९६४ ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. तिचा १९६१ मधील १.९१ मी. चा विक्रम दहा वर्षे अबाधित होता. पुढे पोट दांडीकडे ठेवून तिच्यावरून वळण घेणारी ‘स्ट्रॅडल’ पद्धत रूढ झाली. पूर्व जर्मनीच्या रोझमारी आकरमानने २६ ऑगस्ट १९७७ रोजी पश्चिम बर्लिन येथे याच पद्धतीने २ मी. उंची ओलांडली, ही उंची गाठणारी ती पहिली स्त्री होय.

मात्र तोपर्यंत नव्या पद्धतीने मैदान व्यापले होते. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डिक फॉस्बरीने दांडीकडे पाठ करून प्रथम डोके, मग खांदे, कंबर व शेवटी पाय नेण्याची रीत लोकांपुढे आणली. कॅनडाच्या डेबी ब्रिलने स्वतंत्रपणे जवळजवळ तीच रीत शोधून काढली होती, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. पश्चिम जर्मनीची उलरीके मायफार्ट हिने १९७२ मध्ये म्यूनिक येथे वयाच्या सोळाव्या वर्षी या पद्धतीने १.९२ मी. उडी मारून सुवर्णपदक मिळविले. बारा वर्षांनी लॉस अँजेल्स येथे २.०२ मी. उडीने ते पुन्हा जिंकले. बल्गेरियाच्या स्तेफ्का कोस्तादिनोवाचा २.०९ मी. चा विक्रम (रोम, १९८७) जवळजवळ ३७ वर्षे टिकला. युक्रेनच्या यारोस्लाव्हा माहुचिखने ७ जुलै २०२४ रोजी पॅरिस येथे २.१० मी. उडी मारून तो मोडला.

या पद्धतीचे मर्म गुरुत्वमध्यात आहे. शरीराची मागे कमान झाली असता गुरुत्वमध्य शरीराच्या बाहेर, कमानीखाली येऊ शकतो; म्हणजे शरीराचा प्रत्येक भाग क्रमाने दांडीवरून जात असताना गुरुत्वमध्य मात्र दांडीच्या पातळीजवळ किंवा किंचित खालूनही जातो. गुरुत्वमध्य ०.७ मी. उचलावयाचा असेल, तर उसळीच्या क्षणी सेकंदाला सुमारे ३.७ मी. इतका ऊर्ध्व वेग लागतो. हा वेग केवळ पायाच्या जोराने येत नाही, तो धावेतून घ्यावा लागतो. म्हणून धाव सरळ सुरू होऊन शेवटच्या काही पावलांत वक्र होते. वळणावर शरीर आत कलते, गुरुत्वमध्य खाली येतो, आणि उसळीच्या वेळी शरीर सरळ होताना त्याला वर जाण्यास अधिक अंतर मिळते. धाव वाढविली पण शेवटचा पाय ठाम रोवला गेला नाही, तर उडी उंच न जाता लांब जाते व दांडी पडते.

स्पर्धेत कोणत्याही उंचीपासून सुरुवात करण्याची व मधली उंची सोडण्याची मुभा असते. लागोपाठ तीन प्रयत्न फसले की स्पर्धक बाद होते. बरोबरी झाल्यास शेवटच्या यशस्वी उंचीवर ज्या स्पर्धकाचे फसलेले प्रयत्न कमी, ती वरची. तरीही निकाल न लागल्यास त्या उंचीपर्यंतचे एकूण फसलेले प्रयत्न मोजतात. यामुळे खालच्या उंचीवरील एखादी निष्काळजी उडी शेवटी पदक हिरावून नेते. नवख्या खेळाडूंना हे अनुभवानेच कळते.

पाठीवर पडण्याची ही रीत जाड गादीविना अशक्य आहे. वाळूच्या हौदात पाठीवर वा मानेवर पडणे धोक्याचे असते. केवळ वाळूचा हौद असलेल्या शाळांत म्हणूनच कात्री पद्धतच शिकवावी लागते, व तेथील मुलगी जिल्हास्पर्धेत प्रथमच गादी पाहते. तोवर तिच्या सवयी पक्क्या झालेल्या असतात. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने भोसरीच्या इंद्रायणीनगरात कृत्रिम धावपथ बांधला, बालेवाडी तर जवळच आहे. परंतु धावपथाइतकेच लक्ष उडीच्या गादीकडे दिले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मोटारींच्या आसनांत भरला जाणारा फोम आणि या गादीतील फोम एकाच जातीचे. पिंपरी ते चाकण या पट्ट्यात त्याचे नवल वाटू नये.

भारतात या प्रकाराची परंपरा मुख्यतः दक्षिणेकडे रुजली. केरळच्या बॉबी अलॉयसियसने २००० मध्ये जाकार्ता येथे आशियाई अजिंक्यपद मिळविले व २००४ मध्ये १.९१ मी. चा राष्ट्रीय विक्रम केला. कर्नाटकच्या सहाना कुमारीने २०१२ मध्ये हैदराबाद येथे १.९२ मी. उडी मारून तो मोडला आणि त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये भाग घेतला. त्यानंतरचे मोठे यश २०२५ चे : दक्षिण कोरियातील गुमी येथे हरियाणाच्या अठरा वर्षांच्या पूजाने १.८९ मी. उडी मारून आशियाई सुवर्णपदक जिंकले. तिचा आरंभीचा सराव बांबूची दांडी व पेंढा भरलेली पोती यांवर झाला होता.