प्राणिसंग्रहालयातला ‘सिंह’ भुंकला! कोटींना विकला जाणारा तिबेटी मास्टिफ रस्त्यावर कसा आला?

ऑगस्ट २०१३. चीनच्या हेनान प्रांतातल्या लुओहे शहरातलं प्राणिसंग्रहालय. एक आई मुलाला सिंह दाखवत होती, आणि पिंजऱ्यातला ‘आफ्रिकन सिंह’ चक्क भुंकला. तो होता तिबेटी मास्टिफ. जगभर हसं झालं. पण ज्या कुत्र्याला सिंह म्हणून खपवलं गेलं, त्याच जातीसाठी तेव्हा चिनी श्रीमंत वाट्टेल ते मोजत होते.

तिबेटी भाषेत याला म्हणतात दो-खी, म्हणजे बांधून ठेवायचा कुत्रा. पठारावरचे पशुपालक त्याला दिवसा तंबूपाशी बांधत आणि रात्री मोकळा सोडत. लांडगा असो की हिमबिबट्या, याक-मेंढ्यांपर्यंत पोचायचं तर आधी याच्याशी गाठ. अंगावर दाट आयाळ, वजन ६०-७० किलोपर्यंत. विरळ हवेत तग धरायला मदत करणारं जनुक त्याच्याकडे तिबेटी लांडग्याकडून आलंय, असं संशोधक सांगतात.

मग चीनमध्ये पैसा आला आणि दारात मास्टिफ असणं ही प्रतिष्ठा झाली. मादी बहुधा वर्षातून एकदाच माजावर येते, त्यामुळे पिल्लं कमी आणि भाव चढे. २०१४ मध्ये झेजियांग प्रांतात एक पिल्लू १ कोटी २० लाख युआनला, म्हणजे तेव्हाच्या सुमारे १२ कोटी रुपयांना विकलं गेल्याची बातमी आली. अर्थात, असे सौदे भाव फुगवण्यासाठी आपसातच होतात, असं याच धंद्यातली माणसं बोलत होती.

फुगा फुटायला वेळ लागला नाही. रात्रभर जागून भुंकणं हे ज्याचं काम, तो फ्लॅटमध्ये काय करणार? राखणदार कुत्रा हुकमाची वाट बघत नाही. कोण परका आणि कधी धावून जायचं, हे तो स्वतः ठरवतो. कुरणावर हाच गुण, लिफ्टमध्ये हाच धोका. त्यात बीजिंगच्या शहरी भागात ३५ सेंटीमीटरपेक्षा उंच कुत्रा पाळायलाच बंदी. गिऱ्हाईक आटलं, भाव कोसळले. खाद्याचा खर्च परवडेना, तशी तिबेटी पठारावरच्या पैदासकारांनी कुत्री सरळ सोडून दिली. इकडे कित्येक पशुपालक कळप विकून वस्त्यांमध्ये राहायला गेले होते. म्हणजे कुत्र्याचं मूळ कामही गेलं.

आता या मोकाट टोळ्या मेंढ्या फाडतात, माणसांना चावतात. हिमबिबट्याच्या तोंडची शिकारही पळवतात. कुत्र्यांच्या विष्ठेतून पसरणारा फीतकृमी माणसाच्या यकृतात गाठी करतो, आणि हा आजार पठारावर आधीपासूनच मोठा आहे. बौद्ध समाजात कुत्री मारणं पाप, त्यामुळे किंघाई प्रांतात काही मठांच्या भिक्षूंनीच त्यांच्यासाठी आसरे उभारले.

ज्या कळपांची राखण करायची, त्यांच्यावरच आता दो-खीची पोरं तुटून पडतायत. आणि रात्री त्यांना हुसकायला पशुपालकाच्या तंबूपाशी कुणी बांधलेला असेल, तर तोही दो-खीच.