सँडो बनियन ते स्लीप स्कोअर

पहाटे पाचचा अलार्म. बर्फाच्या पाण्यात डुबकी. दहा मिनिटं मेडिटेशन, वहीत तीन ओळी, चार अंड्यांचा पांढरा भाग आणि सातच्या आत दिवसातलं सगळ्यात कठीण काम फत्ते. रीलमधला पोरगा हे सगळं चाळीस सेकंदांत उरकतो. त्याच्या घरात दुसरं कुणीच नसतं, हे कधी तुमच्या लक्षात आलंय? रूममेट नाही, ‘गॅस संपलाय, जरा नंबर लाव’ म्हणणारी आई नाही, बाथरूमबाहेर बादली घेऊन थांबलेली रांग नाही.

आता तुमची सकाळ आठवा. बदलापूरहून लोकलला लटकत पहिलं लेक्चर गाठणारे तुम्ही, नाहीतर हॉस्टेलच्या मेसमध्ये आठला मिळणारा नाश्ता सोडून साडेसातच्या प्रॅक्टिकलला पळणारे तुम्ही. आणि तरीही रात्री झोपताना वाटतं, छे, आपल्यातच शिस्त नाही!

माझ्या एका मैत्रिणीला हे जरा जास्तच वाटायला लागलं. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. भावाचं जुनं स्मार्टवॉच तिच्याकडे आलं आणि रोज सकाळी डोळे उघडल्या उघडल्या ती आधी झोपेचा स्कोअर बघायला लागली. स्कोअर कमी आला की दिवसभर तिला थकल्यासारखं वाटायचं. स्कोअर बघायच्या आधी मात्र वाटत नव्हतं! पुढे पुढे तर आज स्कोअर चांगला यायला हवा या टेन्शननेच तिची झोप उडायला लागली. याला नाव आहे बरं का. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञांनी एका शोधनिबंधात ‘ऑर्थोसोम्निया’ असा शब्द वापरला. ट्रॅकरवर परफेक्ट झोप दिसावी म्हणून अस्वस्थ झालेले पेशंट त्यांच्याकडे यायला लागले होते. प्रयोगशाळेतल्या तपासणीत झोप ठीक निघाली, तरी ‘मग घड्याळ असं का सांगतंय?’ हा प्रश्न काही सुटत नव्हता.

ही ‘नुसतं बरं असून चालत नाही, सतत टॉपला असलं पाहिजे’ भानगड आली कुठून? त्यासाठी जरा मागे जावं लागेल. अगदी तुमच्या आजोबांच्या कपाटापर्यंत.

बिनबाह्यांच्या बनियनला आपण ‘सँडो’ म्हणतो ना? दुकानात जाऊन आपण बिनधास्त ‘दोन सँडो द्या’ म्हणतो. हा शब्द युजेन सँडो या माणसावरून आला असं मानतात. हा १८६७ चा, प्रशियातल्या क्योनिग्सबर्गचा. सर्कस आणि स्टेजवर वजनं उचलता उचलता त्याच्या लक्षात आलं, की लोक वजनाकडे कमी आणि आपल्या शरीराकडे जास्त बघतायत. मग त्याने शरीरच विकायला काढलं. म्हणजे फोटो, पुस्तकं, पोस्टाने घरपोच येणारी व्यायामाची साधनं, लंडनमध्ये व्यायामसंस्था आणि पुढे चक्क स्वतःच्या नावाचा कोको. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांमध्ये शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल होते! आजच्या फिटनेस इन्फ्लुएन्सरला सँडोकडून शिकण्यासारखं काही उरलं असेल असं मला वाटत नाही. सगळं त्याने सव्वाशे वर्षांपूर्वी करून ठेवलंय. १९०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही दौरा करून गेला.

त्याच्या इथल्या गिऱ्हाइकांमध्ये एक राजा होता. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. (पुण्यातलं औंध नव्हे हां, साताऱ्यातलं.) त्यांनी सँडोची साधनं आणि पुस्तकं मागवली आणि वर्षानुवर्षं त्या पद्धतीने व्यायाम केला. मग ते वळले सूर्यनमस्काराकडे. नमस्कार घालायची पद्धत त्यांच्या आधीपासून आपल्याकडे होतीच, पण तिला ठरावीक क्रम, मोजणी आणि प्रचार दिला तो या राजाने. १९२८ मध्ये त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. दहा वर्षांनी लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी तेच इंग्लंडच्या वाचकांसाठी नव्याने मांडलं आणि नाव दिलं ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’. अगदी रीलच्या कॅप्शनसारखं!

पण सँडो आणि पंतप्रतिनिधी यांच्यातला एक फरक बघा. सँडोचा व्यायाम तुम्ही विकत घ्यायचा, घरी एकट्याने करायचा आणि आरशात बघायचं. औंधच्या राजाने सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांमध्ये सक्तीचे केले. मुलगे आणि मुली, दोघांनाही. सक्ती हा काही माझा आवडता शब्द नाही, आणि पहाटे उठवून नमस्कार घालायला लावलेल्या पोरांनी राजाला मनातल्या मनात काय म्हटलं असेल याची कल्पना करता येते. पण तिथे व्यायामाला वेळ आणि जागा देणं ही शाळेची जबाबदारी होती. पोराने ती कुठून तरी शोधून काढायची नव्हती.

हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

‘वेलनेस’ या शब्दाची गोष्ट अमेरिकेतली आणि तशी गंमतशीर. शब्द इंग्रजीत जुनाच, पण फारसा कुणी वापरत नसे. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना सुरू झाली तेव्हा तिच्या घटनेतच लिहिलेलं होतं, की आरोग्य म्हणजे फक्त रोग नसणं नव्हे. शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी धड असणं. हॅल्बर्ट डन नावाच्या डॉक्टरांनी हा धागा उचलला. डन अमेरिकन सरकारच्या जन्म-मृत्यूच्या आकडेवारीच्या कार्यालयाचे प्रमुख. आयुष्यभर माणसं कशाने मरतात हे मोजलेला माणूस! त्यांना प्रश्न पडला, की मेलेल्यांचं आणि आजाऱ्यांचं आपण इतकं मोजतो, मग धडधाकट माणसातही कमी-जास्त असेलच की. १९५९ मध्ये त्यांनी ‘हाय लेव्हल वेलनेस’वर लेख लिहिला, १९६१ मध्ये त्याच नावाचं पुस्तक काढलं. आपल्या क्षमतेच्या जास्तीत जास्त जवळ जाऊन जगणं, असा साधारण त्याचा अर्थ.

झालं, इथेच ‘हाय परफॉर्मन्स’चं बी पडलं, असं तुम्ही म्हणाल. अर्धं बरोबर. कारण डन यांनी एक आलेख काढला होता. अकरावीत काढायचा ना, तसाच दोन अक्षांचा. आडव्या अक्षावर एका टोकाला मृत्यू, दुसऱ्या टोकाला उत्तम आरोग्य. आणि उभ्या अक्षावर? परिस्थिती. म्हणजे घर, आजूबाजूची माणसं, काम, मिळणाऱ्या सोयी. दोन अक्ष म्हटल्यावर चार चौकोन झाले. परिस्थिती चांगली आणि तब्येतही चांगली, हा एक. तब्येत बिघडलेली, पण सांभाळणारी माणसं आणि व्यवस्था भोवती आहे, हा दुसरा. तब्येतही वाईट आणि परिस्थितीही, हा तिसरा. आणि चौथा, परिस्थिती वाईट असतानाही धडपडत वर येणारी माणसं. तुमच्या वर्गातली निम्मी पोरं या चौथ्या चौकोनात सापडतील.

पुस्तक फार चाललं नाही. १९७२ च्या सुमारास जॉन ट्रॅव्हिस या तरुण डॉक्टरच्या हाताला ते मेडिकल कॉलेजच्या पुस्तकांच्या दुकानात, सवलतीच्या ढिगात लागलं. १९७५ मध्ये ट्रॅव्हिस यांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळ मिल व्हॅली इथे वेलनेस सेंटर उघडलं. त्यांचाही एक आलेख होता, पण तो एकाच रेषेचा. डाव्या टोकाला अकाली मृत्यू, उजव्या टोकाला उच्च वेलनेस, मध्ये शून्य. तुम्ही कुठे आहात ते बघा आणि उजवीकडे सरका. समजायला सोपं, सांगायला सोपं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या टीव्ही कार्यक्रमाने या सेंटरवर स्टोरी केली, तेव्हा निवेदकाला सुरुवातीलाच सांगावं लागलं, की हा शब्द काही रोज कानावर पडत नाही. आज तुम्ही तो शाम्पूच्या बाटलीवरही वाचता.

उभा अक्ष मात्र वाटेत कुठेतरी गळून पडला. मुद्दाम कुणी पुसला असं मी म्हणणार नाही. पण एक सरळ रेषा विकणं सोपं असतं, आणि परिस्थिती काही बाटलीत भरून विकता येत नाही.

त्याच सुमारास मोजण्याचं वेडही वाढत होतं. १९६४ ला टोकियो ऑलिम्पिक झालं आणि जपानमध्ये चालण्या-पळण्याची लाट आली. १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मान्पोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. तुमच्या फोनमधलं दहा हजारांचं टार्गेट इथून आलं. आधी यंत्राचं नाव, संशोधन नंतर! हार्वर्डच्या आय-मिन ली यांच्या टीमने २०१९ मध्ये सोळा हजारांहून जास्त वयस्कर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वय ७२. त्यात रोजच्या सुमारे ४,४०० पावलांनाच मृत्यूचं प्रमाण लक्षणीय कमी दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास त्यापुढचा फायदा वाढायचा थांबला. हा आकडा आज्यांचा आहे, तुमचा नव्हे, तेव्हा लगेच लिफ्टकडे वळू नका. पण रात्री अकराला खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालून दहा हजार पुरे करणाऱ्यांना हे माहीत असायला हरकत नाही.

मग कंपन्या आल्या. कर्मचारी तंदुरुस्त असले की औषधपाण्याचा खर्च कमी आणि काम जास्त, हे गणित अमेरिकन कंपन्यांना पटलं. २००१ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये जिम लोअर आणि टोनी श्वार्त्झ यांचा ‘कॉर्पोरेट अ‍ॅथलीट’वरचा लेख आला. खेळाडू जसा ट्रेनिंग घेतो तसं मॅनेजरनेही शरीर, भावना, मन घडवावं, अशी कल्पना. आज प्लेसमेंट सेलच्या प्रत्येक सेशनमध्ये जे ‘एनर्जी मॅनेज करा’ ऐकू येतं, ते बरंचसं या वळणाचं. गंमत म्हणजे त्या लेखातच लिहिलंय, की खेळाडूंना वर्षातले काही महिने ऑफ सीझन मिळतो, आणि मॅनेजरांना जेमतेम काही आठवडे सुट्टी. ते वाक्य सेशनमध्ये कुणी वाचून दाखवत नाही!

खेळाडूचंच उदाहरण घ्यायचं तर मग आपल्या खाशाबांचं घेऊ या. खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. लाल मातीत घडलेला पैलवान, मॅटची सवय नाही, आंतरराष्ट्रीय नियमही नवे. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. गावाने वर्गणी काढली, आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ मध्ये खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. यात पहाटेचे जोर-बैठका आहेतच, शिस्त तर आहेच. पण त्या शिस्तीखाली एक गहाण पडलेलं घर आहे.

आणि ‘रिकव्हरी’? हा सध्याचा सगळ्यात फॅशनेबल शब्द. हेलसिंकीत जपानच्या इशीशी पंधरा मिनिटांच्या वर चाललेली कुस्ती संपली आणि खाशाबांना लगेच सोव्हिएत पैलवानासमोर उभं राहायला सांगितलं गेलं. नियमाप्रमाणे मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ती मागायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. दमलेले खाशाबा तशीच कुस्ती खेळले आणि हरले. त्यांची रिकव्हरी कोणत्या अ‍ॅपने सुधारली असती, सांगा बरं?

व्यायाम सोडा, घड्याळ फेका असं मी सांगत नाहीये. सूर्यनमस्कार फुकट आहेत, पळायला मैदान असेल तर जरूर पळा आणि झोप ही खरंच चैन नाही. फक्त पुढच्या वेळी स्कोअर लाल दिसला की डन यांचा उभा अक्ष आठवून बघा. रात्री दोनपर्यंत जर्नल लिहायला लागतंय ते आळसामुळे, की तीन सबमिशन एकाच दिवशी ठेवलीत म्हणून? जिम जमत नाही ती इच्छा नाही म्हणून, की कॉलेजची जिम मुलींसाठी फक्त दुपारी बारा ते एक उघडी असते म्हणून? पहिल्या प्रकारची उत्तरं तुमच्यापाशी असतात. दुसऱ्या प्रकारची कुणाकडे तरी जाऊन मागावी लागतात.

त्या मैत्रिणीने घड्याळ अजून विकलेलं नाही, पण रात्री ते टेबलावर काढून ठेवते. गेल्या महिन्यात तिने आणि मजल्यावरच्या पोरींनी मिळून वॉर्डनबाईंना अर्ज दिलाय, नाश्ता आठऐवजी सातला सुरू करा, साडेसातला प्रॅक्टिकल असतं. एकेचाळीस सह्या आहेत. बाई म्हणाल्या, मेसवाल्या काकांना विचारून सांगते. काकांना पोरींनी आधीच विचारलंय; त्यांचं म्हणणं, मला चालेल, पण दूधवाला साडेसातच्या आधी येत नाही. आता दूधवाल्याचा नंबर मिळवायचं चाललंय.