घोळीच्या डोक्यातला खडा आणि माणसाच्या पित्ताशयातला



गेल्या महिन्यात इंदूरला बहिणीकडे जाणं झालं. भावोजींचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी खडे एका छोट्या डबीत घालून हातात दिलेले. नऊ खडे, पिवळट, हरभऱ्याएवढे, एकमेकांवर घासून कडा सपाट झालेले. शेजारच्या बाई बहिणीला सांगून गेल्या होत्या, "तुम्ही कोळी लोक, माश्याचे काटे पोटात राहतात, त्याचेच खडे होतात." कोणी तंबाखूच्या चुन्याला दोष दिला.

मी एक खडा तळहातावर घेतला. हलका, मेणासारखा. घोळ किंवा ढोमा कापताना डोक्यात जो पांढरा खडा सापडतो, तो कसा चिनीमातीसारखा जड लागतो? तो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे शिंपल्याच्याच जातीचा. भावोजींचा खडा तसा नव्हता, कारण पित्ताशयातले बहुतेक खडे मुख्यतः कोलेस्टेरॉलचे असतात. काट्याचा नि चुन्याचा काही संबंध नाही.

आपलं मिठागर आठवा. पाणी आटतं, खारं पाणी घट्ट होतं आणि मिठाचे कण खाली बसतात. यकृतात तयार झालेलं पित्त पित्ताशयात साठतं, तिथे त्यातलं पाणी शोषलं जाऊन ते घट्ट होतं. पित्तातले क्षार साबणासारखे कोलेस्टेरॉलला विरघळवून ठेवतात. यकृतातूनच कोलेस्टेरॉल जास्त आलं, किंवा पिशवी नीट आकुंचन पावली नाही, की बारीक स्फटिक पडतात, चिकट श्लेष्म्यात अडकतात आणि त्यावर थर चढत जातात. खडा कापला तर अनेकदा वलयं दिसतात, अगदी घोळीच्या खड्यासारखी. फक्त त्यावरून वय मोजता येत नाही.

खनिज अजिबात नसतं असं मात्र नाही. काळे खडे बिलिरुबिन आणि कॅल्शियमचे, त्यात कार्बोनेट आणि फॉस्फेटही सापडतं. सिकलसेलसारख्या आजारात रक्तपेशी जास्त फुटतात, त्यांच्यात हे जास्त होतात. तपकिरी खडे नळीतल्या जंतुसंसर्गातून होतात. कोणत्या खड्यात काय हे क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना तपासून कळतं. इंदूरच्याच राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ नावाचं यंत्र आहे, असे प्रखर क्ष-किरण तयार करणारं.

कॅल्शियम कमी म्हणून साध्या एक्स-रेत शंभरातले दहा-पंधरा खडेच दिसतात. त्यासाठी सोनोग्राफीच लागते. आणि मुतखड्याचं औषध इथे चालत नाही, तो खडा बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा, वेगळाच. कोलेस्टेरॉलचे लहान खडे विरघळवणारी गोळी आहे, पण ती निवडक रुग्णांनाच, महिनोन्‌महिने, आणि खडे परत होऊ शकतात.

आता हे इथे का लिहितोय ते सांगतो. दोन हंगामांपूर्वी आमच्या बोटीवर एका खलाश्याला रात्री जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ आली, पाठीत खांद्याकडे गेली, उलट्या झाल्या. मी गॅस समजून सोडा दिला. बर्फ-डिझेलचा खर्च डोळ्यांसमोर होता, दोन दिवस जाळी टाकत राहिलो. बंदरात आणेपर्यंत डोळे पिवळे झाले होते. खडा नळीत अडकून स्वादुपिंडाला सूज आली होती. माणूस वाचला, हंगाम गेला. चूक माझी होती.

म्हणून तांडेल मंडळी, अशी कळ चार-पाच तासांत थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे किंवा लघवी पिवळी झाली तर जाळी उचला आणि बंदराकडे वळा. लांब असाल तर तटरक्षक दलाचा १५५४ नंबर लावा. 

एक बाजूची गोष्ट, पण महत्त्वाची. काही ठिकाणी रोहू-कटल्याचं पित्त कच्चं गिळतात, औषध म्हणून. त्याने मूत्रपिंडं बंद पडल्याची प्रकरणं आपल्या देशात नोंदलेली आहेत. कोणी मागितलं तर देऊ नका.

सोनोग्राफीत खडा दिसला पण त्रास काहीच नाही, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. डॉक्टरांना विचारा, घाबरू नका. त्रास होत असेल तर पुढे ढकलू नका. डॉ. तेहेम्तन उदवाडियांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पहिलं पित्ताशय काढलं, आता हे ऑपरेशन सगळीकडे होतं. वल्हवणं, जाळी ओढणं काही आठवडे बंद, एवढंच. डॉक्टर थांबायला हरकत नाही म्हणाले तर १ जून ते ३१ जुलैची बंदी त्यासाठी बरी. आमच्या त्या खलाश्याने तेच केलं, १ ऑगस्टला मात्र त्याला बोटीवर घेतलं नाही, महिनाभर किनाऱ्यावर जाळी विणायला बसवला.