बॅलेतील हेतुपुरस्सर चुका

बॅलेच्या रंगमंचावर चूक लपत नाही. १८९५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे सादर झालेल्या ‘स्वान लेक’मध्ये लेव्ह इवानोव्हने रचलेले चार हंसबालांचे नृत्य आहे. चौघी नर्तिका एकमेकींचे हात आडवे गुंफून एका ओळीत उभ्या राहतात आणि एकच उडी सोळा वेळा घेत बाजूला सरकतात. माना वळतात त्याही एकाच क्षणी. एकीचा तोल ढळला तर तो झटका तिघींच्या हातांपर्यंत पोहोचतो. शेजारणीहून आपण वेगळे दिसता कामा नये, हा समूहनर्तनातील नर्तिकेच्या शिक्षणाचा पहिला धडा होय. अशा कलेत चूक हीच रचनेची सामग्री करावी, हा विचार वरवर पाहता विपरीतच वाटतो.

विनोद बॅलेला नवा नाही. झाँ दोबेरव्हालचा ‘ला फीय माल गार्दे’ १७८९ साली बोर्दो येथे रंगभूमीवर आला, तर ‘कोपेलिया’ १८७० साली पॅरिसमध्ये. परंतु त्यांत हसू येते ते पात्रांच्या स्वभावाचे व प्रसंगांचे; नृत्य स्वतः चुकत नाही. फ्रेडरिक अॅश्टनने १९४८ साली लंडनमध्ये ‘सिंड्रेला’ बसविला तेव्हा मात्र एक पाऊल पुढे पडले. दोन्ही सावत्र बहिणींच्या भूमिका पुरुषांनी केल्या. रॉबर्ट हेल्पमन झाला दांडगी बहीण आणि स्वतः अॅश्टन भित्री. राजवाड्यातील मेजवानीत ही भित्री बहीण नाचायला उभी राहते आणि पुढचे पाऊल कोणते तेच विसरते. ज्याने सगळी पावले रचली त्यानेच ती विसरल्याचा अभिनय करावा, यात काही वेगळीच गंमत होती.

या प्रकाराचा सर्वांत परिपूर्ण नमुना म्हणजे जेरोम रॉबिन्सचा ‘द कॉन्सर्ट’. तो १९५६ साली न्यूयॉर्क सिटी बॅलेने प्रथम सादर केला. शोपाँचे पियानोवादन ऐकण्यास जमलेल्या श्रोत्यांच्या मनात काय काय कल्पना येतात, असा त्याचा विषय. त्यातील एका वॉल्ट्झला ‘चुकांचा वॉल्ट्झ’ असेच नाव पडले आहे. सहाजणी नर्तिका अगदी गंभीरपणे नाचू लागतात. पाचजणींचे हात वर जातात, एकीचे खालीच राहतात. ते तिच्या ध्यानात येते, ती घाईने हात वर नेते, तोच इतरांनी ते खाली घेतलेले असतात. मग दुसरीच कोणी चुकते. आणि कधी कधी तर बरोबर कोण व चूक कोण, हेच ठरविणे कठीण होऊन बसते. पियानो मात्र कोणासाठी थांबत नाही.

हा विनोद कळण्यासाठी बॅलेचे ज्ञान लागत नाही. मैफलीत गायकाची सम चुकली, हे ओळखण्यास श्रोत्याला ताल ठाऊक असावा लागतो. येथे नियम काय आहे ते पाचजणी त्याच क्षणी डोळ्यांसमोर मांडीत असतात. म्हणून सहावीचा प्रमाद लहान मुलालाही दिसतो. यासाठी उरलेल्या पाचजणी निर्दोषच असाव्या लागतात. सगळ्याच चुकल्या तर केवळ गोंधळ उरेल.

नर्तिकेच्या दृष्टीने हे काम अतिशय अवघड असते. वर्षानुवर्षे एकसारखे हलण्याची सवय लागलेले शरीर आपोआप बरोबर जागी जाऊ पाहते. तिला मूळ हालचाल तर यावी लागतेच, शिवाय कोणत्या मात्रेवर व किती उशिराने चुकायचे हेही पाठ असावे लागते. चुकायच्या जागी ती बरोबर नाचली, तर चूक तीच! आणि एक पथ्य तर फारच कडक आहे: हसे होत आहे हे आपल्याला कळते आहे, असे तिच्या मुद्रेवर दिसता कामा नये. खरोखर चुकलेली नर्तिका चूक झाकू पाहते; ही सुद्धा झाकूच पाहते, आणि त्या धडपडीतच सारा विनोद आहे. प्रेक्षकांकडे पाहून डोळे मिचकावणाऱ्या नर्तिकेने तो तत्काळ मारला असे समजावे.

१९७४ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या ‘ले बॅले त्रोकादेरो द मोंते कार्लो’ या केवळ पुरुषांच्या मंडळीने निराळी वाट धरली. त्यांचे विडंबन पुरेपूर कळण्यास मूळ कृती पाहिलेल्या असाव्या लागतात. परंपरेने पायाच्या टोकावरील नर्तन स्त्रियांचे. हे पुरुष ते मेहनतीने शिकतात. फोकिनने आना पाव्हलोव्हासाठी रचलेली ‘मरणोन्मुख हंसी’ त्यांच्या मंडळीत नाचते तेव्हा तिच्या झग्यातून पिसे गळू लागतात. एक, दोन, मग मूठभर. प्रेक्षक पोट धरून हसतात. आणि त्या पिसांच्या पसाऱ्यातही तिचे हात अखेरपर्यंत पंखांसारखे, अगदी शास्त्रशुद्ध लहरत असतात.